शेमा किती वेळपर्यंत म्हणायची? यहुदी धर्मातील रब्बी-परंपरेची ओळख

25 जून 2024 रोजी इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निकाल दिला, की येशिवांमध्ये म्हणजे धार्मिक पाठशाळांमध्ये शिकणाऱ्या तरुणांना सक्तीच्या लष्करी सेवेतून वगळण्यास कायद्याचा आधार उरलेला नाही. 1948 मध्ये पहिले पंतप्रधान डेव्हिड बेन-गुरियन यांनी सुमारे 400 विद्यार्थ्यांना ही सवलत दिली होती; पुढे तिचा लाभ घेणाऱ्यांची संख्या हजारोंच्या घरात गेली आणि या प्रश्नावर तिथली सरकारे डळमळतात. या बातम्या वाचताना आपल्याला एक अगदी साधा प्रश्न पडतो, की ही मुले वर्षानुवर्षे शिकतात तरी काय? ‘बायबल’ हे उत्तर सहज तोंडावर येते, पण ते बरोबर नाही. येशिवेत दिवसाचा बहुतेक वेळ तालमूद नावाच्या ग्रंथावर खर्च होतो, आणि तालमूद कळल्याशिवाय गेल्या दोन हजार वर्षांचा यहुदी धर्म कळत नाही.

हा धर्म बायबलमधून थेट आपल्यासमोर आलेला नाही. मधल्या काळात रब्बी म्हणवणाऱ्या विद्वानांच्या अनेक पिढ्यांनी त्याला आकार दिला. त्या घडणीला रब्बी-परंपरा म्हणतात.

एका पानापासून सुरुवात

व्याख्येपेक्षा तालमूदचे पहिलेच पान उघडणे सोपे पडेल. त्यात प्रस्तावना नाही, देवाचे स्तवन नाही, ग्रंथाचा हेतू सांगितलेला नाही. पहिले वाक्य म्हणजे थेट एक प्रश्न आहे: संध्याकाळची शेमा केव्हापासून म्हणायची?

शेमा म्हणजे ‘ऐक’. ‘हे इस्रायला, ऐक, परमेश्वर आपला देव आहे, परमेश्वर एकच आहे’ हे यहुद्यांचे सर्वांत महत्त्वाचे वचन. ते बायबलच्या ‘अनुवाद’ या पुस्तकात येते, आणि तिथेच ही वचने ‘निजताना आणि उठताना’ बोलत जा, अशी आज्ञा आहे. पण निजताना म्हणजे नेमके केव्हा? माणसे काही एका वेळी झोपत नाहीत. आणि ती केव्हापर्यंत म्हणता येते? त्यावर तीन मते नोंदवली आहेत. रब्बी एलिएझर म्हणतात, रात्रीचा पहिला प्रहर संपेपर्यंत. इतर विद्वान म्हणतात, मध्यरात्रीपर्यंत. रब्बान गमलिएल म्हणतात, पहाट होईपर्यंत. लगेच गमलिएल यांच्या घरातला एक प्रसंग येतो. त्यांची मुले मेजवानीहून रात्री उशिरा घरी आली आणि वडिलांना म्हणाली, ‘आम्ही अजून शेमा म्हटलेली नाही.’ वडील म्हणाले, ‘पहाट झाली नसेल, तर तुम्ही ती म्हटलीच पाहिजे.’ मग ‘मध्यरात्रीपर्यंत’ असे इतर विद्वानांनी का म्हटले? माणसाच्या हातून चूक होऊ नये म्हणून. संध्याकाळी शेतावरून घरी आलेला माणूस म्हणतो, जरा जेवतो, जरा पडतो, मग म्हणतो शेमा. आणि त्याला डोळा लागतो तो थेट सकाळपर्यंत.

रब्बी-परंपरेची सगळी ओळख या एवढ्याशा प्रसंगात आहे. अर्थ स्पष्ट नसलेली आज्ञा, तिच्यावर नावानिशी नोंदवलेले मतभेद, एका घरातला दाखला, आणि दमून घरी आलेल्या माणसाच्या स्वभावाची पक्की जाण.

लिहिलेले आणि सांगितलेले

यहुदी धर्माचा पाया म्हणजे तोरा, मोशेची पाच पुस्तके. त्यांतल्या आज्ञा फार थोडक्या शब्दांत आहेत. सातव्या दिवशी, म्हणजे शब्बाथला काम करू नका, अशी आज्ञा आहे. पण काम कशाला म्हणायचे ते कुठेही मोजून सांगितलेले नाही. एका ठिकाणी ‘मी आज्ञा केली त्या रीतीने’ जनावर कापा असे वचन आहे, पण ती रीत पाच पुस्तकांत शोधून सापडत नाही.

रब्बींनी यावर दिलेले उत्तर हा त्यांच्या परंपरेचा कणा आहे. सिनाय पर्वतावर मोशेला दोन गोष्टी मिळाल्या असे ते सांगतात: एक लेखी तोरा, आणि दुसरी तिचा अर्थ सांगणारी, गुरूकडून शिष्याकडे तोंडी चालत आलेली मौखिक तोरा. मोशेकडून यहोशवाकडे, त्याच्याकडून वडीलधाऱ्यांकडे, त्यांच्याकडून संदेष्ट्यांकडे आणि तिथून विद्वानांच्या सभेकडे, अशी गुरुपरंपराच ते मांडतात. बंदिशीची स्वरलिपी पुस्तकात मिळते, पण तेवढ्यावरून राग गाता येत नाही. कोणता स्वर कसा लावायचा आणि कुठे थांबायचे, हे गुरूसमोर बसूनच उमगते. लेखी आणि मौखिक तोरेचे नाते काहीसे असेच आहे.

आपल्याकडे वेद मौखिक आणि तेच परमपवित्र. तिथे परमपवित्र ग्रंथ लिहिलेला आहे, आणि त्याचा अर्थ मात्र लिहू नये, मुखानेच द्यावा, असा जुना दंडक होता. त्यामुळे श्रुती आणि स्मृती ही आपली विभागणी इथे जशीच्या तशी लागू पडत नाही.

‘फक्त लिहिलेलेच मानू, तोंडी सांगितलेले कशाला?’ ही शंका त्या काळीही लोकांना येत होती. तालमूदमधील कथेनुसार असाच एक परधर्मीय मनुष्य हिल्लेल नावाच्या विद्वानाकडे आला. हिल्लेलने त्याला पहिल्या दिवशी आलेफ, बेथ, गिमेल, दालेथ ही हिब्रू अक्षरे शिकवली. दुसऱ्या दिवशी तीच अक्षरे उलट्या क्रमाने शिकवली. तो मनुष्य म्हणाला, ‘काल तर तुम्ही असे सांगितले नव्हते.’ हिल्लेल म्हणाला, ‘हे आलेफ आहे, यासाठी तू माझ्यावरच विसंबलास ना? मग मौखिक तोरेसाठीही माझ्यावरच विसंब.’ मला हे उत्तर बिनतोड वाटते. लिहिलेले वाचण्यासाठीसुद्धा आधी कोणीतरी तोंडाने शिकवावे लागते.

मंदिर जळाले तेव्हा

आता इतिहासाकडे वळू. बाबिलोनच्या सैन्याने इ.स.पू. 586 मध्ये यरुशलेमचे पहिले मंदिर पाडले. निर्वासित परतल्यावर दुसरे उभे राहिले, आणि त्याच काळात एज्राने लोकांसमोर तोरा वाचून तिचा अर्थ समजावून दिल्याचे वर्णन बायबलमध्ये आहे. तरीही धर्माचे केंद्र मंदिर आणि तिथले बलिदान हेच होते, आणि बलिदानाचा अधिकार कोहेन या वंशपरंपरागत पुरोहितांकडे होता. त्यांच्याभोवतीचा सदूकी पंथ मौखिक परंपरा मानत नसे. परूशी पंथ मात्र मोशेच्या नियमशास्त्रात न लिहिलेले, पूर्वजांकडून आलेले नियम लोकांना शिकवत असे, हे पहिल्या शतकातील यहुदी इतिहासकार जोसेफस याने नोंदवून ठेवले आहे.

इ.स. 70 मध्ये रोमन सेनापती टायटसने यरुशलेम जिंकले आणि दुसरे मंदिर जळाले. धर्माचे मुख्य कर्म म्हणजे बलिदान आणि ते करण्याची एकमेव जागाच गेली, तर त्या धर्माने पुढे काय करायचे? कथा अशी आहे, की वेढ्यात सापडलेल्या शहरातून योहानान बेन झक्काई यांना त्यांच्या शिष्यांनी शवपेटीत निजवून, मेल्याचे सोंग करून बाहेर काढले. रोमन सेनापतीपुढे उभे राहिल्यावर त्यांनी यरुशलेम मागितले नाही; ‘मला यावने आणि तिथले विद्वान द्या’ एवढेच मागितले. यावने म्हणजे आजच्या तेल अवीवच्या दक्षिणेला, किनाऱ्याजवळचे गाव. कथेला दंतकथेचा रंग आहे, पण यावनेत विद्वानांचे केंद्र उभे राहिले आणि ‘रब्बी’, म्हणजे ‘माझे गुरू’, ही पदवी त्याच सुमारास रूढ झाली. म्हणूनच आधी होऊन गेलेल्या हिल्लेलच्या नावामागे रब्बी लागत नाही.

मंदिराचे भग्नावशेष पाहून एक शिष्य विलाप करू लागला, की आता आपल्या पापांचे प्रायश्चित्त कसे होणार. योहानान त्याला म्हणाले, ‘मुला, दुःख करू नकोस, तितकेच मोलाचे दुसरे प्रायश्चित्त आपल्याजवळ आहे: दयेची कृत्ये.’ बलिदानाच्या जागी प्रार्थना, अध्ययन आणि दानधर्म आले, आणि मंदिराची जागा घराने व पाठशाळेने घेतली. अर्थात हे एका रात्रीत घडले नाही. सुरुवातीला रब्बींचे वर्तुळ लहानच होते आणि त्यांचा शब्द सर्वत्र मानला जाण्यास काही शतके जावी लागली.

पाठांतरातून ग्रंथाकडे

इ.स. 132 ते 135 या काळात रोमविरुद्ध झालेले बार कोखबाचे बंड चिरडले गेले आणि रब्बी अकिवांसारखे थोर विद्वान मारले गेले. ज्ञान माणसांच्या डोक्यात होते, आणि माणसेच मारली जात होती. इ.स. 200 च्या सुमारास गालीलमध्ये रब्बी यहुदा हानासी यांनी मौखिक परंपरेचे संकलन केले. त्याला मिश्ना म्हणतात. तिचे सहा विभाग आणि 63 प्रकरणग्रंथ आहेत. शेती, सण, विवाह, नुकसानभरपाई, बलिदान आणि शुद्धाशुद्ध हे तिचे विषय.

मिश्ना निर्णय देते, पण ज्यांचे मत मान्य झाले नाही त्यांचे मतही नावासकट जपते. असे का, हा प्रश्नही मिश्नाच विचारते आणि उत्तर देते: उद्या एखाद्या न्यायसभेला ते मत पटले, तर तिला त्याचा आधार घेता यावा म्हणून. हरलेल्या पक्षाची बाजू इतक्या काळजीने सांभाळणारा धर्मग्रंथ मला तरी फार विलक्षण वाटतो.

पुढच्या तीनशे-चारशे वर्षांत मिश्नेवर जी चर्चा झाली, ती गमारा. मिश्ना आणि गमारा मिळून तालमूद. एक तालमूद पॅलेस्टाइनमध्ये तयार झाला आणि दुसरा बाबिलोनियात, म्हणजे आजच्या इराकमधील सुरा आणि पुम्बदिथा इथल्या विद्यापीठांत. दुसरा अधिक विस्तृत आणि अधिक प्रमाण मानला जातो. त्याचे छापील पान आपल्या जुन्या सटीक पोथीसारखे दिसते. पोथीत मूळ श्लोक मधोमध आणि टीका वर-खाली असते. इथे मिश्ना व गमारा मधोमध, एका कडेला अकराव्या शतकातील फ्रान्सचे भाष्यकार राशी, आणि दुसऱ्या कडेला राशींशीही वाद घालणारे त्यांच्या नंतरच्या पिढ्यांचे विद्वान. ग्रंथाची 2711 पाने आहेत. 1923 पासून जगभर हजारो लोक दररोज तेच एक पान वाचतात, आणि एक आवर्तन पुरे होण्यास सुमारे साडेसात वर्षे लागतात.

रब्बी म्हणजे यहुद्यांचे पुरोहित का?

नाही. पुरोहितपद कोहेन कुळात जन्मल्याने मिळते. रब्बी होण्यासाठी शिकावे लागते. दहा जणांची संख्या भरली की सामूहिक प्रार्थना होते, तिला रब्बीची गरज नसते. रब्बीचे मूळ काम धर्मनियमांचा निर्णय देणे आणि शिकवणे. त्या नियमांना हलाखा म्हणतात. शब्दशः अर्थ ‘चालण्याची वाट’.

माणसांनी लावलेला अर्थ देवाचा कसा?

हा आक्षेप सर्वांत गंभीर आहे, आणि तालमूद त्याला एका कथेतून सामोरा जातो. एका विशिष्ट प्रकारची भट्टी शुद्ध की अशुद्ध, यावर वाद पेटला. रब्बी एलिएझर एकटे एका बाजूला, बाकी सगळे दुसऱ्या बाजूला. एलिएझर म्हणाले, ‘माझे म्हणणे खरे असेल तर हे झाड साक्ष देईल.’ झाड जागचे उखडून दूर गेले. बाकीचे म्हणाले, ‘झाडावरून काही सिद्ध होत नाही.’ मग पाण्याचा ओघ उलटा वाहिला, पाठशाळेच्या भिंती कलल्या, तरी कोणी मानेना. शेवटी आकाशवाणी झाली, की एलिएझरचेच बरोबर आहे. तेव्हा रब्बी यहोशुआ उठून उभे राहिले आणि तोरेतलेच वचन म्हणाले, ‘ती स्वर्गात नाही.’ तोरा एकदा माणसांना दिली गेली. आता तिचा निर्णय तर्काने आणि बहुमताने होईल. हे ऐकून देव हसला आणि म्हणाला, ‘माझ्या मुलांनी मला जिंकले.’

अर्थ लावण्याचा अधिकार माणसांना देवानेच दिला आहे, ही रब्बींची भूमिका या कथेत आहे. मात्र कथा इथे थांबत नाही. बहुमतापुढे न झुकलेल्या एलिएझरना बहिष्कृत केले गेले, आणि त्याचे दुःख तालमूद पुढे सविस्तर सांगतो. ज्यांचा विजय झाला त्यांच्याच ग्रंथाने ही जखम झाकलेली नाही.

नियमांचे जंजाळ कशासाठी?

‘तोरेभोवती कुंपण घाला’ असे एक प्राचीन वचन आहे. विहिरीत कोणी पडू नये म्हणून आपण कठडा बांधतो, तसे मूळ आज्ञा मोडली जाऊ नये म्हणून तिच्या अलीकडे नियम बांधायचे. शेमेसाठी पहाटेऐवजी मध्यरात्र सांगितली, तो हाच कठडा. ‘करडू त्याच्या आईच्या दुधात शिजवू नको’ असे तोरेत तीनदा येते. त्यातून रब्बींनी मांस आणि दूध पूर्ण वेगळे ठेवण्याचा नियम काढला, इतका की भांडीसुद्धा वेगळी. कोकणातल्या यहुदी घरांत मटणाच्या रश्शाला नारळाचे दूध चालते, कारण ते जनावराचे दूध नव्हे. सोळाव्या शतकातील पोलंडचे मोशे इसर्लेस यांनी बदामाच्या दुधाबद्दल लिहिताना सांगितले, की मांसासोबत असे दूध असेल तर त्याच्याशेजारी बदाम ठेवावेत, म्हणजे पाहणाऱ्याचा गैरसमज होणार नाही.

शब्बाथला निषिद्ध अशी 39 प्रकारची कामे मिश्नेत मोजली आहेत. विजेचे बटण दाबणे आजचे रब्बी त्यात बसवतात, आणि म्हणून इस्रायलमध्ये शनिवारी आपोआप प्रत्येक मजल्यावर थांबणारी लिफ्ट दिसते. हे बाहेरच्याला जाचक वाटेल. पण याच अर्थ लावण्याने मूळ वचनाची धारही बोथट केली आहे. ‘डोळ्याबद्दल डोळा’ याचा अर्थ रब्बींनी पैशांची भरपाई असा लावला, आणि ती पाच बाबींत मोजली: इजा, वेदना, उपचार, बुडालेले काम आणि झालेला अपमान. दर सातव्या वर्षी कर्जे माफ करावीत, अशी तोरेची आज्ञा आहे. ते वर्ष जवळ आले की सावकार हात आखडता घेत आणि गरिबाला उसने मिळेनासे होई. हिल्लेलने तोड काढली: कर्जाचे कागद न्यायसभेकडे सोपवावेत, म्हणजे ते बुडणार नाही आणि गरिबासाठी दारही बंद होणार नाही.

काही ठिकाणी मात्र ही लवचिकता आजही तोकडी पडते. नवऱ्याने घटस्फोटाचा लेख, म्हणजे गेट, दिला नाही तर पारंपरिक हलाखेनुसार बायको अडकून राहते आणि तिला दुसरे लग्न करता येत नाही. इतक्या बुद्धिमान परंपरेने हे दुखणे शतकानुशतके पुरते सोडवू नये, याची खंत वाटते.

ही परंपरा सगळे मानतात का?

नाही. आठव्या शतकात बगदादमध्ये आनान बेन डेव्हिड यांच्याभोवती जी चळवळ सुरू झाली, तिच्यातून कराईट पंथ आला. तो फक्त लेखी बायबल मानतो. आधुनिक काळातील सुधारणावादी यहुदी हलाखेला बंधनकारक न मानता मार्गदर्शक समजतात. जर्मनीतील ऑफेनबाख इथे 1935 साली रेगिना योनास या पहिल्या महिला रब्बी झाल्या. सनातनी पंथांत हा प्रश्न अजून वादाचा आहे.

पण या परंपरेपासून दूर, नकळत राहिलेला एक समाज आपल्याच शेजारी होता. कोकणातील बेने इस्रायल सांगतात, की त्यांचे पूर्वज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून आले आणि त्यांचे ग्रंथ समुद्रात गेले. ते तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. त्यांची सुंता होती, शब्बाथ होता, आणि कोचीनहून आलेल्या दाविद रहाबींनी परीक्षा पाहण्यासाठी मासळी दिली तेव्हा बायकांनी पर आणि खवले असलेले मासेच निवडून घेतले, अशी आठवण सांगतात. तो नियम लेखी तोरेतला. मक्काबी नावाच्या यहुदी योद्ध्यांच्या विजयाचा हनुक्का हा सण मात्र त्यांना माहीत नव्हता, आणि तालमूदही नव्हता. बारसे असो की मयत, ते शेमा म्हणत. तालमूद ज्या वचनाच्या वेळेवर वाद घालत सुरू होतो, ते वचन कोकणात टिकले होते. तो वाद तिथे पोचलाच नव्हता.

पुढे कोचीनच्या शिक्षकांमुळे आणि मुंबईत 1796 मध्ये सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी उभारलेल्या सिनेगॉगनंतर, म्हणजे प्रार्थनामंदिरानंतर, रब्बी-परंपरा त्यांच्यात रुजत गेली.

शंका आणि शेमा

इस्रायलमध्ये यहुद्यांचे विवाह आणि घटस्फोट 1953 च्या कायद्याने रब्बी-न्यायालयांकडे आहेत. बेने इस्रायल तिथे स्थायिक होऊ लागल्यावर काही रब्बींनी प्रश्न काढला: ज्या शतकांत या समाजाला रब्बींचा घटस्फोट-नियम माहीत नव्हता, त्या शतकांत गेटशिवाय पुनर्विवाह झाले असतील तर त्या संततीचे काय? 1962 मध्ये मुख्य रब्बीपीठाने निर्देश दिले, की बेने इस्रायल व्यक्तीचे इतर यहुद्यांशी लग्न लावण्यापूर्वी तिच्या पूर्वजांची चौकशी करावी. चौदाशे वर्षांपूर्वी इराकमध्ये झालेल्या चर्चेचे ओझे कोकणातून गेलेल्या नवरा-नवरीवर असे येऊन पडले. समाज रस्त्यावर उतरला, यरुशलेममध्ये निदर्शने झाली, आणि ऑगस्ट 1964 मध्ये इस्रायलच्या संसदेने जाहीर केले, की बेने इस्रायल हे सर्व बाबतींत पूर्ण यहुदी आहेत. रब्बीपीठालाही निर्देशांतून समाजाचे नाव वगळावे लागले.

ज्यांच्या कुळांबद्दल ही शंका घेतली गेली, त्यांच्यासाठी रब्बींनी रचलेली हगादा, म्हणजे वल्हांडण या सणाच्या रात्री घरात वाचायची पोथी, 1846 मध्ये मुंबईत आणि 1874 मध्ये पुण्यात मराठीत छापली गेली होती. हगादेत एक प्रसंग आहे. बने ब्राक गावी पाच रब्बी वल्हांडणाच्या रात्री एकत्र बसले आहेत, आणि त्यांत भट्टीच्या वादातले एलिएझर आणि यहोशुआ दोघेही आहेत, अकिवाही आहेत. मिसरमधून, म्हणजे इजिप्तमधून, झालेल्या सुटकेच्या गोष्टीत ते इतके रंगले आहेत, की रात्र सरल्याचे कोणाच्याच ध्यानात येत नाही, आणि शेवटी शिष्यांना आत येऊन सांगावे लागते, ‘गुरुजी, सकाळची शेमा म्हणायची वेळ झाली.’